क्लॉड कोड भाड्याच्या मशीनवर: खानदेशातल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांना परवडतं का?

जिनिंगचं बिलिंग, डाळ मिलचा स्टॉक, सराफाची पावती, केळी ग्रुपच्या गाड्यांचा हिशेब: जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ही सॉफ्टवेअरं दोन-पाच माणसांची ऑफिसं लिहितात आणि वर्षानुवर्षं तीच सांभाळतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. मांडणी अशी: ॲन्थ्रॉपिकचा क्लॉड कोड हा टर्मिनलमध्ये चालणारा एआय मदतनीस लॅपटॉपवर न बसवता डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर बसवायचा, आणि तिथे त्याला कोड लिहायला, कमांड चालवायला, टेस्ट करायला मोकळीक द्यायची. कोडेक्स, कोपायलट, ज्यूल्स या इतर कंपन्यांच्या एआय मदतनीसांचे त्यांच्याच क्लाउडवर चालणारे पर्याय शेवटाकडे थोडक्यात घेतले आहेत.

निकाल आधीच सांगतो. घ्यावं, पैसे वसूल आहेत. मात्र मदतनीस किती हुशार आहे यापेक्षा त्या मशीनवर तुम्ही काय ठेवलंय यावर सगळं अवलंबून आहे. जे मशीन आत्ता, या क्षणी पुसून टाकलं तरी काही बिघडणार नाही, त्यावरच त्याला मोकळं सोडावं.

लॅपटॉप असताना भाडं कशाला

पहिलं कारण लाईट. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की फीडर कधी पडेल याचा भरवसा नसतो, आणि वळवाच्या वाऱ्यात तर तो पडतोच. मदतनीसाला दिलेलं काम कधी दहा मिनिटांचं, कधी दोन तासांचं असतं. राउटर बंद झाला किंवा लॅपटॉप झोपला की ते तिथेच अडकतं. डेटा सेंटरमधलं मशीन चालूच राहतं. लाईट आल्यावर जोडून घ्यायचं, काम पुढे सरकलेलं दिसतं.

दुसरं, डाउनलोड. डॉकरच्या इमेज, एनपीएमची पॅकेजं, अँड्रॉइडचा एसडीके हा गिगाबाइटांचा माल डेटा सेंटरच्या लाइनवर मिनिटभरात उतरतो. तुमच्या लाइनवरून जातात-येतात ती फक्त अक्षरं, आणि ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही सहज चालतात.

तिसरं कारण या दोन्हींपेक्षा वजनदार आहे, ते म्हणजे कुंपण. ऑफिसच्या लॅपटॉपवर ग्राहकांचे बॅकअप असतात, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टलचे पासवर्ड असतात, कुठेतरी चालू सर्व्हरची किल्ली पडलेली असते. नव्या सालदाराच्या हाती बैलजोडी देतात, तिजोरीची किल्ली नाही. भाड्याच्या मशीनवर तिजोरीच नसते.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू. मशीन मुंबईत घेतलं म्हणजे डेटा भारतात राहिला, असं होत नाही. मदतनीस जी फाईल उघडतो, जो लॉग वाचतो, त्याचा मजकूर मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. म्हणून शेतकऱ्यांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती असलेला खरा डेटाबेस या मशीनवर चढवायचाच नाही. बनावट नोंदींचा नमुना चढवायचा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी व्यापाऱ्याच्या खातेवहीचं पान बाहेर गेलेलं कोणाला आवडेल?

मशीन केवढं, कुठलं

दोन जीबी रॅमवर हात घालू नका. क्लॉड कोडची स्वतःचीच किमान अपेक्षा चार जीबीची आहे. त्यावर पोस्टग्रेस, डॉकर, टाइपस्क्रिप्टचा कंपायलर आणि टेस्टसाठी हेडलेस (खिडकीशिवाय चालणारा) क्रोम आले की चारही कमी पडतात. चार कोअर, आठ जीबी रॅम, ऐंशी जीबीच्या आसपास डिस्क हा हिशेब योग्य. डिजिटलओशनच्या बेंगळुरू केंद्रातला साधा चार जीबीचा ड्रॉपलेट महिना २४ डॉलर आणि आठ जीबीचा ४८ डॉलर पडतो. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउडची मुंबईत, अझ्युअरची पुण्यात केंद्रं आहेत.

रॅम कमी पडल्यावर काय होतं हे नीट समजून घ्या, कारण लक्षण फसवं आहे. लिनक्सचा कर्नल मेमरी संपली की सर्वांत जास्त खाणारी प्रोसेस मारतो. टर्मिनलवर फक्त ‘किल्ड’ दिसतं, एक्झिट कोड १३७ येतो. मदतनीसाला वाटतं टेस्टमध्ये चूक आहे, आणि तो चांगला कोड बदलायला लागतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ कोड ओळखू येत नाही. उपाय दोन. चार जीबीची स्वॅप फाईल, म्हणजे रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा, पहिल्याच दिवशी करा (फाईल तयार करून परवानगी ६००, मग एमके-स्वॅप, स्वॅप-ऑन, आणि रीबूटनंतरही राहावी म्हणून एफएस-टॅबमध्ये ओळ). आणि सूचना-फाईलमध्ये (मदतनीस दर सत्राला वाचतो ती, पुढे येईलच) लिहून ठेवा: ‘कोड १३७ आला तर थांब, मेमरी तपास, कोडला हात लावू नकोस.’

क्रोमची भानगड वेगळी. डॉकर कंटेनरला सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते. हेडलेस क्रोम मोठं पान उघडताना त्यात कोसळतो, तेही कधी कोसळतो कधी नाही. ही मर्यादा एक जीबीवर नेली की प्रश्न मिटतो. हे मदतनीसाला बहुतेक वेळा स्वतःहून सुचतं. मेमरीचं मात्र क्वचितच सुचतं.

डिस्क भरली की तो डॉकरची सफाई करायला धावतो. साधी सफाई चालेल, पण त्याच कमांडला व्हॉल्यूम पुसण्याचा पर्याय जोडला तर टेस्टचा डेटाबेसही जाऊ शकतो. नमुना डेटा पुन्हा भरणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत असेल तर जाऊ दे, नसेल तर आधी ती लिहून घ्या. सोपवायचं पहिलं काम हेच असावं.

जोडणी

साधं एसएसएच (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडणारी जोडणी) पुरत नाही, कारण लाइन तुटली की टर्मिनल आणि त्यातलं चालू काम दोन्ही जातात. टीमक्स (टर्मिनलचं सत्र त्या मशीनवरच चालू ठेवणारं साधन) बसवा, एका नावाने सत्र उघडा, त्यात क्लॉड कोड सुरू करा. बाहेर पडताना कंट्रोल-बी आणि मग डी. सत्र तिकडे चालू राहतं, परत येऊन अटॅच करायचं.

त्यावर मॉश (तुटक लाइन सोसणारा एसएसएचचा सोबती) घेतला तर आणखी सुख. एरंडोलहून धुळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये टॉवर बदलला, वायफायवरून मोबाइल डेटावर आलात, आयपी पत्ता बदलला, तरी मॉशची जोडणी तुटत नाही. तो सुरुवातीची ओळख एसएसएचने पटवतो आणि पुढे यूडीपीवर ६०००० ते ६१००० मधलं एक पोर्ट वापरतो. फायरवॉलमध्ये सगळी हजार पोर्टं उघडायची गरज नाही, ६०००० ते ६००१० बास. मॉशला मागचं स्क्रोल करता येत नाही, ती उणीव टीमक्स भरून काढतो. पोर्ट फॉरवर्डिंगही त्याच्याकडे नाही. मशीनवर चालणारं वेब ॲप आपल्या ब्राउझरमध्ये पाहायचं असेल तर शेजारी साधी एसएसएच जोडणी उघडून ३००० नंबरचं पोर्ट ओढून घ्यावं लागतं, किंवा टेलस्केल हे खाजगी नेटवर्क बसवावं लागतं.

युरोपातलं स्वस्त मशीन घेण्याचा मोह होतो. घ्यायला हरकत नाही. मदतनीस मॉडेलशी जे बोलतो ते तसंही समुद्रापलीकडेच जातं, त्यामुळे त्याचा वेग तुमच्या अंतरावर ठरत नाही. उशीर जाणवतो तो फक्त तुमच्या टायपिंगला, आणि मॉश अक्षरं आधी इकडेच उमटवून तोही बराच झाकतो. दिवसभर हाताने कोड लिहिणारा मुंबई-बेंगळुरू घेईल. सकाळी काम सोपवून संध्याकाळी तपासणाऱ्याला जर्मनी चालून जाईल.

मशीनवर ब्राउझर नसताना लॉगिन कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पहिल्यांदा पडतो. क्लॉड कोड एक लांब दुवा दाखवतो, तो लॅपटॉपवर उघडून मिळालेला कोड टर्मिनलमध्ये चिकटवायचा. टीमक्सच्या अरुंद खिडकीत दुवा दोन-तीन ओळींत मोडतो आणि अर्धाच कॉपी होतो, त्यामुळे लॉगिनपुरती खिडकी रुंद करा.

कुंपण: इथे घाई करू नका

क्लॉड कोड मुळात प्रत्येक फाईल-बदल आणि धोक्याच्या प्रत्येक कमांडआधी विचारतो. शिफ्ट-टॅब दाबून मोड बदलता येतो: फक्त योजना आखणारा, फाईल-बदल न विचारता करणारा, वगैरे. शिवाय सगळ्या परवानग्या वगळणारा एक पर्याय आहे आणि त्याच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द आहे. दूरच्या मशीनचा खरा फायदा हाच पर्याय वापरण्यात आहे. दर मिनिटाला ‘हो’ दाबायला बसायचं असेल तर काम सोपवलं असं म्हणायचं तरी कसं? शिवाय पन्नास वेळा ‘हो’ दाबणारा माणूस एक्कावन्नावी कमांड वाचत नाही.

हा पर्याय रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्याला मिळत नाही, क्लॉड कोड सरळ नकार देतो. तेव्हा सुडो (रूटचे अधिकार वापरण्याची मुभा) नसलेला वेगळा वापरकर्ता करा. लागणारी पॅकेजं आधीच तुम्ही बसवा. आणि त्या वापरकर्त्याला डॉकर ग्रुपमध्ये टाकलंत तर त्याला रूटच दिलंत असं समजा, कारण डॉकरमधून यजमान मशीनची कुठलीही फोल्डर माउंट करता येते. मशीनच टाकाऊ असेल तर तेही चालेल, फक्त माहीत असू द्या.

डॉकरची दुसरी खोड: यूएफडब्ल्यू फायरवॉलने पोर्ट बंद केलं असलं तरी डॉकरने प्रकाशित केलेलं पोर्ट जगाला उघडं राहतं, कारण तो आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम आधी लावतो. मदतनीस कंपोज फाईलमध्ये पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट सवयीने उघडं लिहितो, पासवर्डही ‘पोस्टग्रेस’च ठेवतो. अशी उघडी दारं शोधणारे बॉट इंटरनेटवर सतत फिरत असतात. पोर्टाआधी १२७.०.०.१ लिहायचं हा नियम सूचना-फाईलमध्ये घाला, आणि शक्य असेल तर क्लाउड कंपनीची बाहेरची फायरवॉलही लावा, ती डॉकरच्या हाताबाहेर असते.

आता किल्ल्या. चालू सर्व्हरची एसएसएच किल्ली, पेमेंट गेटवेची किल्ली, ग्राहकाच्या डेटाबेसचा पासवर्ड यांतलं काहीही इथे नको. ‘ही फाईल वाचू नकोस’ असा नियम क्लॉड कोडच्या सेटिंगमध्ये लिहिता येतो, पण त्यावर विसंबू नका. मदतनीसाने चालवलेली पायथनची स्क्रिप्ट तीच फाईल बिनदिक्कत उघडू शकते. फाईल नसणं हाच पक्का नियम. एसएसएच एजंट फॉरवर्डिंगही बंद ठेवा, नाहीतर तुम्ही जोडलेले असताना तुमच्या लॅपटॉपमधल्या किल्ल्या त्या मशीनवरून वापरता येतात. एडब्ल्यूएसवर असाल तर मशीनला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधल्या अधिकारांचा संच) जोडू नका. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारलं की त्या रोलचे तात्पुरते अधिकार मशीनवरच्या कुठल्याही प्रोसेसला मिळतात.

गिटहबचं काय? प्रत्येक रिपॉझिटरीला वेगळी डिप्लॉय-की (एका रिपॉझिटरीपुरती किल्ली) द्या, ती फक्त वाचण्याची. मोफत खात्यावर खाजगी रिपॉझिटरीची मुख्य शाखा संरक्षित करता येत नाही, त्यामुळे लिहिण्याची किल्ली दिली तर मदतनीस थेट मुख्य शाखेत ढकलू शकतो. त्यापेक्षा उलटं करा: लॅपटॉपवर त्या मशीनला एक रिमोट म्हणून जोडा, त्याची शाखा तुम्ही ओढून घ्या, वाचा, आणि गिटहबवर तुम्हीच ढकला. एक पायरी वाढते, पण वाचल्याशिवाय काही पुढे जात नाही. आमच्या मते छोट्या ऑफिसला याहून चांगली पद्धत नाही.

हे सगळं अति वाटत असेल तर २०२५ मधल्या दोन गोष्टी आठवा. जुलैमध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटने, बदल गोठवले आहेत असं सांगितलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये एनएक्स या लोकप्रिय बिल्ड-टूलच्या दूषित आवृत्त्या एनपीएमवर आल्या. बसवताक्षणी त्या मशीनवरच्या किल्ल्या शोधत, आणि त्या शोधासाठी तिथे आधीच असलेले क्लॉड, जेमिनाय यांसारखे मदतनीसच परवानग्या वगळून कामाला लावत. मिळालेला माल वापरकर्त्याच्याच गिटहब खात्यावर उघड्या रिपॉझिटरीत टाकला जाई. रिकाम्या मशीनवर असा चोर आला तर त्याला काय मिळेल? वाचण्याची एक डिप्लॉय-की आणि मॉडेलचं लॉगिन, जे लिनक्सवर साध्या फाईलमध्येच असतं. म्हणून एपीआय किल्ली वापरत असाल तर कन्सोलमध्ये तिच्यासाठी वेगळी वर्कस्पेस करून खर्चाची मर्यादा घाला.

बाहेर जाणारी वाहतूकही आवळता येते. ॲन्थ्रॉपिकने दिलेल्या नमुना कंटेनरमध्ये गिटहब, एनपीएम, स्वतःचा एपीआय अशी मोजकीच ठिकाणं उघडी ठेवणारी फायरवॉल-स्क्रिप्ट आहे. ती सुरुवातीला नावांचे आयपी पत्ते एकदाच शोधते. पुढे पत्ते बदलले की पॅकेज उतरेनासं होतं आणि मदतनीस भलतीकडे दोष शोधत बसतो. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की सुरळीत.

इकडच्या कामात तो कसा उतरतो

जुन्या पीएचपी कोडला टेस्ट लिहिणं, आवृत्ती वाढवणं, अहवालाची क्वेरी वेगवान करणं, एका पडद्यासारखा दुसरा पडदा बनवणं: यात तो पक्का. रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची सूचना-फाईल ठेवली की प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तो ती वाचतो. तिच्यात काय लिहिलं यावर निम्मा निकाल ठरतो. फ्रेमवर्कचं नाव, टेस्ट चालवायची कमांड हे सगळे लिहितात. खरी गरज असते ती बाजाराच्या भाषेची. कापसाच्या व्यवहारात खंडी म्हणजे ३५६ किलो रुई आणि गाठ १७० किलोची. हे सांगितलं नाही तर तो जुनी वीस मणांची खंडी धरू शकतो. सराफ्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, ११.६६४ नव्हे. कपाशी क्विंटलमध्ये येते, रुई खंडीत विकली जाते, सरकी परत क्विंटलमध्ये. गुणाकार बरोबर आणि एकक चूक असेल तर टेस्ट हिरव्या दिसतात आणि पट्टी चुकीची निघते.

वेळेचा घोळ त्याहून चिवट. भाड्याचं मशीन यूटीसी वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रावेर-सावद्याकडे पहाटे साडेचारला गाडी भरली आणि नोंद झाली, तर यूटीसीत ती आदल्या रात्री अकराची. मदतनीस तारखेची टेस्ट लिहितो ती बहुधा दुपारच्या वेळेची, म्हणून पास होते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेची एक टेस्ट सक्तीने लिहून घ्या. रोजमेळ दोन दिवसांत फाटतो तो इथेच.

छापील मराठीकडेही लक्ष हवं. नव्या उबुंटू सर्व्हरवर देवनागरी फाँट नसतो, पीडीएफ बिलात अक्षरांच्या जागी चौकटी येतात. मदतनीस ‘पीडीएफ तयार झाली’ एवढंच तपासून काम झाल्याचं सांगतो. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फाँट आधीच बसवा, आणि पीडीएफच्या पानाचं चित्र काढून ते बघायला सांगा. चित्र तो वाचू शकतो. जुन्या सॉफ्टवेअरमधला श्रीलिपी या जुन्या फाँटमधला डेटा हा आणखी वेगळा प्रकार. तो युनिकोड नसतो, फाँट काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मदतनीस त्याला बिघडलेलं एन्कोडिंग समजून ‘दुरुस्त’ करायला जातो आणि नावं कायमची नासतात. त्या फाँटचा अक्षर-तक्ता हाती दिला तरच रूपांतर नीट होतं, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तरीही डोळ्यांनी तपासावी लागतात.

वजनकाटा आणि टॅली ही या मांडणीची खरी मर्यादा. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ तारेवर सतत अक्षरं सोडत असतो, आणि ती तार काट्याच्या खोलीत आहे, डेटा सेंटरमध्ये नाही. सोकॅट या साधनाने दोन आभासी पोर्टं जोडून एकीकडून नमुना सोडता येतो. पण नमुना हाताने टाइप केलेला नको. खऱ्या काट्यावरून दहा मिनिटांचा कच्चा प्रवाह फाईलमध्ये पकडून आणा, ट्रॅक्टर काट्यावर चढताना आणि उतरतानाचा धरून. खऱ्या प्रवाहात अर्धवट ओळी येतात, वजन स्थिर नसतानाचे आकडे येतात, मध्येच एखादा भलता बाइट येतो. स्वच्छ नमुन्यावर लिहिलेला पार्सर प्रत्यक्ष काट्यावर पहिल्याच ट्रॉलीला अडखळतो. टॅलीचंही तेच: ती विंडोजवर, बहुधा ९००० पोर्टवर एक्सएमएल घेते. लिनक्स मशीनवर तिचं सोंग घेणारा छोटा सर्व्हर मदतनीस अर्ध्या तासात लिहून देतो, पण त्यात भरायची उत्तरं खऱ्या टॅलीतून आणलेली हवीत, चुकीच्या व्हाउचरला ती काय म्हणते ते धरून.

व्हीबी ६, फॉक्सप्रो, क्रिस्टल रिपोर्ट यांवर उभं असलेलं काम असेल तर ही मांडणी घेऊ नका. कोड वाचून समजावून सांगण्यापुरता उपयोग होईल, पण चालवून बघता येत नाही, आणि न चालवता लिहिलेल्या कोडचा भरवसा कोण देणार?

खर्च

मशीनचं भाडं लहान, मॉडेलचा खर्च मोठा. क्लॉडची प्रो योजना महिना २० डॉलर, मॅक्स १०० आणि २०० डॉलर. या योजनांत पाच तासांच्या खिडकीची मर्यादा असते, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आठवड्याचीही. प्रोवर एक माणूस दिवसातलं एखाद-दुसरं मध्यम काम करू शकतो. दिवसभर सोपवायचं तर १०० ची घ्यावी लागते. एपीआयवर वापराप्रमाणे पैसे, आणि तिथेच बिल फुगतं. कारण संभाषण जितकं लांबतं तितका मागचा मजकूर प्रत्येक फेरीत पुन्हा मोजला जातो. एक काम संपलं की सत्र कोरं करा. जुन्या कामाचा कचरा पुढच्या कामात नेल्याने पैसेही जातात आणि सूचनाही विसरल्या जातात. मराठीत सूचना दिल्या तरी त्याला नीट कळतात, फक्त देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मजकूर मोजायचं एकक) पडतात. रोजच्या चार ओळींना फरक पडत नाही, दर वेळी वाचली जाणारी सूचना-फाईल मात्र आटोपशीर ठेवा.

रात्री एकटा सोडणार असाल तर फेऱ्यांची कमाल संख्या ठरवून द्या. न सुटणाऱ्या टेस्टवर तो डोकं आपटत राहतो, आणि शेवटी कधी कधी टेस्टच वगळून ‘सगळं हिरवं’ सांगतो. सकाळी आधी टेस्टच्या फाईलमधले बदल वाचा, मग बाकीचे.

कार्डाचा अडथळा: डेबिट-क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असू शकतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर गेली की ओटीपी लागतो. २०० डॉलरची योजना कर धरण्याआधीच ती मर्यादा ओलांडते, आणि ओटीपी दिला नाही तर सेवा थांबू शकते.

बाकीचे पर्याय

गिटहब कोपायलटचा कोडिंग एजंट मशीन सांभाळायची कटकटच ठेवत नाही. इश्यू त्याच्या नावावर टाकला की तो गिटहब ॲक्शन्सच्या तात्पुरत्या मशीनवर काम करून मसुदा पुल रिक्वेस्ट देतो. तो साधारणपणे ‘कोपायलट’ने सुरू होणाऱ्या स्वतःच्या शाखेतच ढकलतो, फायरवॉल आधीच लावलेली असते. ज्यांना लिनक्स सांभाळायचं नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. ओपनएआयच्या कोडेक्सच्या क्लाउड आवृत्तीत तयारीच्या टप्प्यात इंटरनेट मिळतं, एजंट कामाला लागला की मुळात बंद. सुरक्षेला उत्तम, पण मध्येच नवं पॅकेज लागलं तर अडतं. गूगलचं ज्यूल्स आधी योजना दाखवून संमती घेतं, मग स्वतःच्या क्लाउड मशीनवर काम करतं. किरकोळ दुरुस्त्यांना ठीक. या तिघांतही आभासी काटा, टॅलीचं सोंग, फाँट, नमुना डेटा हे सगळं दर वेळी नव्याने उभं करणारी स्क्रिप्ट लागते, आणि ती अडली की आत डोकावायला टर्मिनल तुमच्या हातात नसतं. गिटहब कोडस्पेसेस हा मधला मार्ग: वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत, म्हणजे दोन कोअरच्या मशीनचे साठ तास. भाड्याने घेण्याआधी ही सगळी मांडणी तिथे करून बघता येते.

भाडं थांबवताना एवढं बघा. डिजिटलओशनवर मशीन नुसतं बंद केलं तरी मीटर चालू राहतो. स्नॅपशॉट घेऊन मशीन नष्ट करावं लागतं, स्नॅपशॉटला महिन्याला प्रति जीबी सहा सेंट. एडब्ल्यूएसवर थांबवलेल्या मशीनचे पैसे लागत नाहीत, पण डिस्कचे लागतात, आणि राखून ठेवलेल्या आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट वेगळे. स्नॅपशॉट घेण्याआधी क्लॉड कोडमधून लॉगआउट करा आणि डिप्लॉय-की गिटहबवरून काढा, नाहीतर त्या दोन्ही किल्ल्या स्नॅपशॉटमध्ये वापरता येण्याजोग्या पडून राहतात.